बोडीच्या पाळीवरचा मोह

आमच्या क्वार्टरमागचा गुलमोहर वादळात पडला तेव्हा त्याची मुळं चौकोनी निघाली. थट्टा नाही करत. वीजकेंद्राच्या कॉलनीतली, म्हणजे ऊर्जानगरातली, आमच्या लाइनची जमीन म्हणजे मुरूम दाबून दाबून केलेली. त्यात नवऱ्याने टेप लावून, कोपरे मोजून खड्डा खणला होता. त्याच्या भिंती इतक्या गुळगुळीत, की पाणी भरलं असतं तर हौद म्हणून वापरता आला असता. झाडाने त्या हौदातच संसार मांडला. वर मांडवाएवढा पसारा, लालभडक फुलं. आणि खाली मुळं भिंतीला थडकून मागे फिरलेली, एकमेकींच्या गळ्यात पडलेली. शिवाय कॉलनीत नळाला पाणी भरपूर. संध्याकाळी ड्यूटीवरून आलेला जो तो पाइप धरून आपापल्या झाडासमोर उभा. बसल्या जागी तोंडात घास पडत असेल तर खाली जायचे कष्ट कोण घेईल? शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आडव्या पडलेल्या त्या झाडाचं बूड बघायला सगळी लाइन जमली होती. नवरा मात्र खड्ड्याकडे बघत म्हणाला, “माप तर बरोबर होतं.”

माणूस बॉयलरवर आयुष्य काढलेला. त्याला मापाच्या बाहेरचं काही सुचत नाही. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही त्याच्या गावी राहायला आलो. मूल या तालुक्याच्या गावापुढे, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपून जंगल सुरू होतं तिथलं हे गाव. घरामागे बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. बोडीच्या पलीकडे थोड्या बांध्या, आणि मग साग, ऐन, मोह. शेजारच्या घरात थोरली नणंद, तिचा मुलगा, सून आणि लहान नात. नणंदेला सगळं गाव बाई म्हणतं, मीही बाईच म्हणते. मला गावात मॅडम म्हणतात. मी कॉलनीतून आले एवढंच त्याचं कारण.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी बाई आल्या, ओट्यावर टेकल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, “वयनी, तुमच्या मांगच्या जाग्यात, बोडीच्या पाळीवर, एक मोह लावा म्हनतो.”

मला हसूच आलं. या भागात आंबा लावतात, लिंबू लावतात, हौसेने कोणी चिकू लावतो. मोह कोणी लावत नाही. मोह असतोच. आजोबाच्या आजोबाच्या आधीपासून उभा असतो, आणि कोणता मोह कोणत्या घराचा हे लेकरालाही पाठ असतं. बाईंच्या घरचे दोन मोह बोडीपलीकडे, जंगलाच्या कडेला आहेत. त्यांची फुलं वाळवून विकली की घरचं वर्षभराचं तेल-मीठ निघतं. एकेकाळी फुलं वेचायला त्या स्वतः जायच्या. गुडघे गेले तशी सून जायला लागली.

“आणि बाई, मोहाला फूल धरायला दहा-बारा वर्षं लागतात,” मी म्हटलं. “तोवर तुम्ही कुठे, मी कुठे?”

“मी कुठी म्हनतो माह्यासाठी? सुनेसाठीई नाई म्हनत. माही नात आंगनवाडीत जाते. ते वयात येईन तवा झाडई वयात येईन. तिले तं त्या जंगलात नोको जाऊ द्या.”

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई मोह वेचताना गेली होती. ‘गेली’ म्हटलं की इकडे पुढचं कोणी विचारत नाही. मोह पहाटे गळतो, वेचायला वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून बाईंची सून हातात स्टीलची ताटली आणि पळी घेऊन जायची. झाडाखाली पोचली की आधी ताटली वाजवायची, चारी बाजूंना बघायची, मगच वाकायची. वेचता वेचता पुन्हा उभी राहून वाजवायची. तो आवाज बोडीच्या पाण्यावरून आमच्या ओट्यापर्यंत यायचा. बाई तेव्हा माझ्याकडे चहाला आलेल्या असायच्या. आवाज येत असला की त्या चहा पीत, आणि आवाज थांबला की कप खाली ठेवत. पुन्हा वाजेपर्यंत तो कप तसाच. मी ते रोज पाहत होते आणि समजून घेतलं नव्हतं.

म्हणजे झाड आताच लागायला हवं होतं. एक वर्ष चुकलं तर ते त्या पोरीच्या हिशेबातून जाणार होतं.

नवरा उत्साहाने नर्सरीतून मोहाचं रोप घेऊन आला. हातभर उंच, तरतरीत, वर दहा-बारा पानं. मी काळी पिशवी ब्लेडने फाडली. आत मुख्य मूळ तळाला जाऊन जिलबीसारखं गोल फिरलं होतं. बाईंनी ते बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, “याची मुळी तं पिशवीतच म्हातारी झाली. मोह आंधी खाली जाते, मंग वर येते. हे खाली जाचं इसरूनच गेलं.” मला गुलमोहराचं चौकोनी बूड आठवलं. रोप फेकवेना म्हणून मुळं सोडवून कुंपणाच्या कोपऱ्यात लावलं. दिवाळीपर्यंत ते सुकलं.

मग ठरलं, बीच टोचायचं. मोहाची फळं, त्यांना इकडे टोळ म्हणतात, जेठात पिकून पडतात. बाईंनी सुनेकडून त्यातली चांगली निवडून आणवली. गर काढला, आतली तपकिरी, चकचकीत बी पदरात पुसली आणि म्हणाल्या, “आजच्या आज. हे बी शिळं झालं का कामातून गेलं.”

आणि इथे साहेब टेप घेऊन हजर. मी आतून पाणी घेऊन येईपर्यंत पाळीच्या बाहेरच्या उतारावर चौकोन आखून झाला होता, निम्मा खड्डाही झाला होता, आणि भिंती पुन्हा तशाच, थापीने घोटल्यासारख्या. ओल्या चिकणमातीत फावडं घासलं की ती चकाकते, आणि वाळली की विटेसारखी होते.

“पुन्हा हौद?” मी ओरडले. “मुळांना कैदेत टाकायचं का?”

“अगं, दिसायला नीट—”

“मातीखाली कोण बघायला जाणार आहे?”

सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मी स्वतः त्या भिंती फोडल्या. खरवडून, खाचा पाडून, कोपरे तोडून खड्ड्याला पार ओबडधोबड करून टाकलं. नवऱ्याचा चेहरा असा झाला होता, जणू मी त्याच्या बॉयलरलाच सब्बल लावली. खड्डा आणखी खोल करण्याऐवजी आजूबाजूची माती लांबवर भुसभुशीत केली. तळाशी घमेलंभर शेणखत टाकायचा त्याचा विचार होता, तो बाईंनी हाणून पाडला. “खाली खाऊ भरून ठेवलं तं पोरगं बाहीर कायले जाईन? वरून थोडं देजो, मांगून.” खड्ड्यातलीच माती परत खड्ड्यात गेली. पायाने तुडवू दिली नाही, हातानेच दाबली. पावसाचं पाणी साचून बी कुजू नये म्हणून मधे जरा उंचवटा ठेवला. बोटाच्या एका पेराइतकं खोल तीन बिया टोचल्या. बाईंनी मातीवर हात ठेवला, पुटपुटल्या काहीतरी. शेळ्यांसाठी बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि आम्ही चहा प्यायला बसलो.

तीनातल्या दोन उगवल्या. त्यातली एक बाईंनी काढून टाकली, काढण्याआधी तिला हात जोडले. उरलेली ती आमची.

पुढे वर्षभर काही म्हणजे काही झालं नाही. चार पानं, सहा पानं, वीतभर काडी. गावाला विषयच मिळाला. “काय मॅडम, मोहफुलं वाळवाले चटई घेतली का?” असं दुकानातला माणूसही विचारायचा. मी त्याला म्हणायची, घेतली ना, तुझ्या नातवाच्या लग्नात अंथरू. हिवाळ्यानंतर तर होती ती पानंही गळली. नुसती काडी. नवऱ्याला ते बघवत नव्हतं. पावसाळा संपल्यावर पाणी थोडं अंतर ठेवून, पण एकदा दिलं की चांगलं मुरेपर्यंत द्यायचं, असं आमचं ठरलं होतं. वरवर रोज शिंपडलं तर मुळं वरच घुटमळतात, हे गुलमोहराने शिकवलं होतं. पण हा माणूस पहाटे उठून, चपला हातात घेऊन, चोरासारखा बादली न्यायचा. मी दाराआड उभी राहून एकदा पकडलाच.

“तहान लागली असेल त्याला,” तो म्हणाला.

“लागू दे की! तहान लागल्याशिवाय खाली उतरेल का ते?”

“तू फार कठोर आहेस.”

“मी कठोर नाही, तू नळाखाली मुरलेला आहेस.”

दोन दिवस आमची बोलाचाली बंद होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याला समजावलं, “भाऊ, वर नोको पाहू. खाली चालू आहे त्याचं.” खाली काय चालू होतं ते देवाला ठाऊक. पण दुसऱ्या पावसाळ्यात काडी गुडघ्याला आली, बोटाएवढी जाड झाली, आणि मी तिच्या बुडापासून जरा अंतर सोडून पाल्याचं जाड पांघरूण घातलं, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकेल. कुंपणाला नवे काटे लावले. मनातून मी निर्धास्त झाले होते.

मोहाखाली आग घालायची रीत या भागात जुनी आहे. फुलं पाल्यात हरवतात, म्हणून गळती लागली की झाडाखालचा पाला पेटवून देतात. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबून दिसतात. वनखात्याची माणसं दरवर्षी येऊन नका पेटवू म्हणून सांगतात, गाव मान डोलावतं, आणि पाला पेटतो. मोहाच्या जुन्या झाडाला त्या आगीचं काही वाटत नाही. त्याच्या आसपास उगवलेल्या पोराटोरांचं काय होतं, ते कोणी बघत नाही. मोह लावायचा असतो हेच जिथे माहीत नाही, तिथे कोण बघणार?

फाल्गुन सरत आला होता. दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. धुराचा वास आला, पण त्या दिवसांत तो येतोच. मग वारा फिरला. बोडीपलीकडच्या धसकटांतून, पाळीवरच्या वाळल्या गवतातून आग सरसरत आली. नवरा बादली घेऊन धावला, मी कडुनिंबाची फांदी तोडून झोडपत सुटले. आम्ही पोचेपर्यंत बोरीचे काटे पेटले होते. सुकलेले काटे आणि आत मी मायेने अंथरलेला पाला. दुसरीकडे आग नुसती चाटून गेली होती. आमच्या झाडापाशी थांबून ती जेवली. विझवल्यावर मधे उरलं ते उदबत्ती संपल्यावर राहते तसं, काळं, बोटभर काहीतरी.

तेवढ्यात बाईंची सून धावत आली. तोंडाला काजळी, केस सुटलेले, आणि हातात ताटली. पाला तिने पेटवला होता.

माझा तोल गेला. “डोळे फुटले होते का तुझे? ज्या झाडावर तुझ्या पोरीची सगळी भिस्त, तेच जाळलंस? आग कुठे जाईल एवढं कळू नये?”

ती रडली नाही. धाप लागलेल्या आवाजात म्हणाली, “पाल्यात दिसत नाई, मामीजी. काल मी येचून राह्यलो होतो अन् पाला वाजला. ताटली वाजवली, तरी वाजूनच राह्यला. टोपली तशीच टाकून परालो मी. आज म्हनलं जागा साफ करतो, मंग दुरून तं दिसन.”

माझा राग जागच्या जागी गळाला, आणि मग तो कुठे ठेवावा ते कळेना. जिने जंगलात जाऊ नये म्हणून हे सगळं, ती जंगलाच्या भीतीनेच ते जाळून बसली होती. मी तिच्या हातातून ताटली घेतली, तिला पाणी दिलं.

बाई गुडघ्यांवर हात ठेवत हळूहळू पाळ चढून आल्या. खाली बसल्या, राख बाजूला केली, आणि काळ्या बुंध्यापाशी तळवा ठेवून बसून राहिल्या. मला धीर धरवेना. मी खुरपं आणलं. मूळ जिवंत आहे की नाही ते तरी बघू, म्हणून टोचणार, तोच बाईंनी माझं मनगट धरलं.

“उकरून पाहाले जाशान तं आहे तेबी तुटन. वरचं जरलं. खालचं कोनं पाह्यलं?”

चैत्र गेला, वैशाख गेला. सून रोज सकाळी डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन यायची आणि त्या काळ्या खुंटावर रिता करायची. प्रायश्चित्तच होतं ते. चौथ्या-पाचव्या दिवशी नवरा तिला आडवा गेला. “रोज नोको टाकू, माय. पंधरवड्यानं टाक, पन पोटभर टाक. त्याले खालून पेऊ दे.” मी पदर तोंडाला लावून आत गेले. नळाखालचा माणूस शेवटी जमिनीवर आला होता.

हसू आलं तरी आशा मी सोडली होती, हे खरं. जेठ लागला तशी मी बाईंना म्हटलं, नवीन बी टोचू या. वर्ष-दोन वर्षं गेली ती गेली. नात पुढच्या महिन्यात पहिलीत जाणार होती. बाई म्हणाल्या, “टोचू. पन त्याच्या बाजूले. त्याले उपडू नोको.” सुनेने टोळ आणून ठेवले. दोन सरी पडून गेल्या होत्या, माती मऊ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा करायचं ठरलं.

सकाळी पाळीवरून सुनेची हाक आली, “मामीजी! ओ मामीजी!” तिची अशी हाक मी कधी ऐकली नव्हती. धावत गेले. ती जमिनीवर पालथी पडल्यासारखी वाकली होती. काळ्या खुंटाच्या बुडातून, मातीला टेकून, दोन कोंब वर आले होते. तांबडे, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे लखलखीत. मोहाची नवी पालवी अशीच असते, मी जन्मभर पाहिली आहे. पण त्या दिवशी ती पाहून मी रडले, सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून, आवाज करून रडले. ती मला थोपटत होती. नवरा लांबून विचारत होता, काय झालं, काय चावलं?

आणि मग ते झाड जे निघालं! दोनातला एक कोंब ठेवला. दोन वर्षांत जेवढं वाढलं नव्हतं तेवढं एका पावसाळ्यात वाढलं. वरचं घर जळालं होतं, पण खालचं कोठार भरलेलं होतं. पोरीचं एकही वर्ष वाया गेलं नाही, असं बाई म्हणतात. मी हिशेब करत नाही, पण मलाही तसंच वाटतं. आता कुंपण दगडांचं आहे. पाला पावसाळ्यानंतर घालतो आणि होळीच्या आधी काढून घेतो, आणि भोवती चांगली रुंद पट्टी साफ ठेवतो.

सुनेने आग सोडली. यंदा गळती लागायच्या आत ती खराटा घेऊन गेली आणि मोहाखालचा पाला झाडून काढला. एकटी गेली नाही. शेजारच्या तिघींना ओढून घेऊन गेली. झाडताना चौघी इतक्या मोठ्याने भांडत होत्या, की ताटलीची गरज नव्हती. सगळं गाव काही सुधारलं नाही. परवाही बोडीपलीकडे धूर होता. पण त्या दोन मोहांखाली या वर्षी तळहाताएवढी दोन-तीन रोपं दिसली, असं सून सांगत होती. ती कोणी लावलेली नाहीत.

गेल्या आठवड्यातली सकाळ. बाई माझ्या ओट्यावर चहाला बसल्या होत्या. बोडीपलीकडून ताटलीचा आवाज येऊन थांबला होता. सून परत निघाली असणार. तेवढ्यात पुन्हा ताटली वाजली, अगदी जवळ. बाईंनी कप खाली ठेवला.

पाळीवर नात होती. झाड आता तिच्या छातीला लागतं. तिच्या हातात घरातली ताटली, कमरेला छोटी टोपली. तिने ताटली वाजवली, आईसारखी मान फिरवून चारी बाजूंना पाहिलं, मग त्या एवढ्याशा झाडाखाली वाकून खडे वेचायला लागली. चार खडे टोपलीत टाकले, उभी राहिली, पुन्हा वाजवली, पुन्हा पाहिलं. खेळच होता तो. पण तिच्या डोळ्यांत आईची ती नजर होती, आणि मला ती बघवेना.

सून पाळीवरूनच येत होती, डोक्यावर भरलेली टोपली. ती थबकली. टोपली उतरवून खाली ठेवली, पोरीच्या हातातली ताटली हळूच काढून घेतली.

“इथी नाई वाजवा लागत,” ती म्हणाली.

“मंग?”

“मंग काई नाई. येच तू.”

बाईंनी कप उचलला.